आधी नळ्या, मग सोफे

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात पोंटून बोट घ्यायला निघालेलं कुटुंब माहितीपत्रकं चाळून आणि दोन-चार दुकानं पालथी घालून शेवटी बहुधा दोन बोटींपाशी येऊन अडतं. दोन्ही २२ फूट लांब, दोन्ही साडेआठ फूट रुंद. दोन्हींवर कोपऱ्यात वळलेले गुबगुबीत सोफे, सुकाणूपाशी फिरती खुर्ची, डोक्यावर घडी होणारं छत, पोहून आल्यावर वर चढायला मागे शिडी. एक बोट दोन नळ्यांची, ११५ अश्वशक्तीच्या इंजिनाची. दुसरी तीन नळ्यांची, १५० अश्वशक्तीची, आणि साधारण दहा-पंधरा हजार डॉलरांनी महाग. कधी दोन्ही बोटी दोन-दोन नळ्यांच्याच असतात, पण एकीच्या नळीचा व्यास २३ इंच आणि दुसरीचा २५. हा फरक माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावरच्या तक्त्यात बारीक अक्षरांत दडलेला असतो. विक्रेता बोलतो ते स्पीकर, दिवे आणि रेक्झिनचे रंग यांबद्दल, आणि घरातली चर्चाही तिथेच घोटाळते. माझं म्हणणं असं की दिसायला सारख्या असलेल्या अशा दोन बोटींतला निवाडा डेकच्या खाली होतो. तो करण्यासाठी कुटुंबाने आपल्या सर्वांत गर्दीच्या दिवसाचं वजन मांडायचं आणि आपलं तळं किती उघडं आहे ते पाहायचं. एवढं केलं तर बहुतेक कुटुंबांसाठी उत्तर तिसऱ्या नळीपेक्षा जाड नळीकडे झुकतं.

ज्यांनी ही बोट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पोंटून म्हणजे दोन्ही टोकांना बंद केलेली अ‍ॅल्युमिनियमची लांब पोकळ नळी. अशा दोन किंवा तीन नळ्या समांतर ठेवून त्यांवर आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर प्लायवूडचा सपाट डेक, डेकभोवती कठडा आणि मागे आउटबोर्ड इंजिन. हिला खोलगट बूड नसतं. कुळ तराफ्याचं, आणि जन्मही तसाच गावठी. मध्य मिनेसोटातल्या रिचमंड गावच्या अँब्रोझ वीअर्स नावाच्या शेतकऱ्याने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लोखंडी पिंपं एकापुढे एक जोडून त्यांच्या दोन रांगा केल्या, वर लाकडी फळ्या ठोकल्या आणि ते प्रकरण जवळच्या हॉर्सशू तळ्यात सोडलं. लोकांना ते आवडलं, मागण्या येऊ लागल्या आणि त्याच्या नावाची कंपनी उभी राहिली. आज या बोटींचा मोठा धंदा इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या परिसरात एकवटलेला आहे. पिंपांची जागा अ‍ॅल्युमिनियमने घेतली आणि फळ्यांवर सोफे आले, पण तत्त्व तेच राहिलं. बोटीला तरंगवतं ते फक्त नळ्यांनी बाजूला सारलेलं पाणी. वरचं सगळं ओझं.

तेव्हा हिशेब नळीपासून सुरू करू. टोकाचा निमुळता भाग सोडून नळीची लांबी २० फूट धरली, तर २५ इंची नळी पूर्ण बुडाल्यावर सुमारे १,९३० लिटर पाणी सारते, म्हणजे गोड्या पाण्यात तेवढे किलो उचलते. २३ इंची नळी उचलते सुमारे १,६३५ किलो. व्यासात फरक दोन इंचांचा, पण उचलण्याची ताकद व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणून फरक पडतो १८ टक्क्यांचा. आता वरचं ओझं. दोन नळ्यांच्या २२ फुटी बोटीचं वजन हजार किलोच्या आसपास धरा, इंजिन १६५, पेट्रोल ८५, आणि बर्फाची पेटी, नांगर, जॅकेटं, डबे मिळून ५०. माणसं दहा, सरासरी ७५ किलोची, म्हणजे ७५०. बेरीज २,०५० किलो. २५ इंची नळ्यांची जोडी या ओझ्याखाली आपल्या घनफळाच्या ५३ टक्के बुडते आणि २३ इंची जोडी ६३ टक्के. नळ्या निम्म्याच्या आसपास पाण्यात असाव्यात, हा या बोटींचा सर्वसाधारण आराखडा. म्हणजे पहिली बोट दहा माणसांनिशी आपल्या आखलेल्या रेषेवर आहे, आणि दुसरी तीच माणसं घेऊन राखीव ताकद खात चालली आहे. धक्क्यावरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतील.

राखीव ताकदीचं महत्त्व कळतं ते माणसं हलू लागली की. ही बोट स्थिर असते, कारण तिच्या नळ्या एकमेकींपासून दूर असतात. एका बाजूला वजन गेलं की त्या बाजूची नळी खोल जाते, जास्त पाणी सारते आणि बोटीला परत वर ढकलते. पण ही नळी पूर्ण बुडाली की तिच्याजवळ देण्यासारखं काही उरत नाही, आणि त्यानंतर येणारी लाट फुकट लागते. चार जुलैच्या आतषबाजीला दहाच्या दहा जण एका कठड्याशी जमले असं समजा. ७५० किलो मध्यापासून सुमारे ९० सेंटिमीटर सरकले. नळ्यांच्या मध्यांमधलं अंतर १.९५ मीटर धरलं, तर भाराखालच्या नळीवर सुमारे ३५० किलो जास्त येतात. २५ इंची नळी अशा वेळी ७१ टक्के भरते, २३ इंची ८४ टक्के. हा ढोबळ हिशेब आहे. कलण्याच्या कोनाची नीट गणितं यात नाहीत आणि नाकाकडचा उतारही नाही. तरी दोन बोटींची तुलना करायला तो पुरेसा आहे.

आता तिसरी नळी. तिच्यासोबत बोटीचं वजन अडीचशे किलोने वाढतं आणि इंजिन चाळीस किलोने, म्हणजे तीच दहा माणसं धरून एकूण २,३४० किलो. २५ इंची तीन नळ्या त्याखाली ४० टक्के बुडतात. गर्दी कठड्याशी आली की बाहेरची नळी ५८ टक्क्यांवर जाते. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, कारण विक्रीच्या बोलण्यात ती निसटते. मधली नळी अगदी मध्यावर असल्यामुळे कलणं थेट असं फारसं रोखत नाही. ती बाहेरच्या दोघींचा रोजचा भार हलका करते, म्हणून त्या दोघींपाशी राखीव जास्त उरते. आकडे शेजारी ठेवले की चित्र असं दिसतं: २३ इंची जोडी ८४, २५ इंची जोडी ७१, २५ इंची तिकडी ५८. पहिली तेरा टक्क्यांची उडी दोन इंच जास्त धातूतून मिळते आणि दुसरी तेवढीच उडी एक अख्खी नळी, मोठं इंजिन आणि जड ट्रेलर यांतून. पैशाच्या मापाने पहिली उडी कितीतरी स्वस्त पडते. म्हणून ‘दोन नळ्या की तीन?’ या प्रश्नाआधी ‘व्यास किती?’ हा प्रश्न यायला हवा. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा येतच नाही.

यावर पहिला आक्षेप असा की एवढं गणित कशाला, बोटीवर क्षमतेची पाटी असते की! पाटी असते, आणि तिच्यावर माणसांचा आकडा आणि वजनाचा आकडा दोन्ही असतात. दोहोंपैकी आधी भरेल तो पाळायचा. पण त्या पाटीमागचं कायद्याचं बळ खरेदीदाराला वाटतं तेवढं नाही. अमेरिकेचा संघीय नियम क्षमतेच्या पाटीची सक्ती करतो ती २० फुटांहून लहान आणि एकाच बुडाच्या बोटींना. पोंटूनला दोन किंवा तीन बुडं, त्यामुळे ती या सक्तीत बसतच नाही. तरीही पाटी दिसते, कारण नावाजलेल्या कंपन्या नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचं प्रमाणपत्र घेतात आणि त्यासाठी अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलची मानकं पाळावी लागतात. ही व्यवस्था चांगली आहे आणि पाटी नसलेल्या बोटीकडे पाहूच नये. पण एसटीतल्या ‘बसण्याची क्षमता’सारखीच ही पाटीही वरची हद्द सांगते, आपल्या तळ्यावर आरामात बसतील तेवढी माणसं सांगत नाही. वारा, लाट, कठड्याशी जमलेली गर्दी, यांतलं पाटीला काही ठाऊक नसतं.

आणि ‘सारखी दिसते म्हणजे सारखीच’ हे समजणं कुठवर नेऊ शकतं, याचा एक सरकारी दाखला आहे. ६ मार्च २००४ रोजी मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोर बंदरात ‘लेडी डी’ नावाची पोंटून पद्धतीची वॉटर टॅक्सी अचानक सुटलेल्या जोरदार वाऱ्यात उलटली. तिच्यावर २५ जण होते. पाच जण गेले. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी केली आणि ठपका ठेवला तो जास्त भारावर. पण बोटवाल्यांनी परवान्याबाहेर माणसं भरली होती असं नव्हतं. परवानाच २५ जणांचा होता. तटरक्षक दलाने तो दिला होता त्याच वर्गातल्या एका दुसऱ्या बोटीच्या स्थिरता चाचणीच्या आधारावर, आणि ती चाचणी ‘लेडी डी’ला लागू करण्याजोगी नव्हती. त्यात भर म्हणून माणसाचं सरासरी वजन धरलं होतं १४० पौंड, म्हणजे साडेत्रेसष्ट किलो. तो आकडा कधीच जुना झाला होता. पुढे तटरक्षक दलाने प्रवासी बोटींसाठी हे गृहीत वजन १८५ पौंड, म्हणजे ८४ किलोवर नेलं आणि डिसेंबर २०११पासून ते लागू झालं. दोन बोटींना एक समजणं आणि माणसांचं वजन कमी धरणं, या दोन्ही चुका कुटुंबाच्या खरेदीतही सहज घडतात, फक्त त्यांची चौकशी कोणी करत नाही.

इथे कोणी म्हणेल की कुठे भाड्याची टॅक्सी आणि कुठे घरची बोट. घरच्या बोटीत चौघं बसणार, फार तर शेजारी आले तर सहा. वर्षातले बहुतेक दिवस ते खरंही असतं, आणि सहा माणसांना २३ इंची जोडीही पुरते. पण घरच्या बोटीला परवानाधारक कप्तान नसतो, हवामान पाहून फेरी रद्द करणारा माणूस नसतो आणि माणसं मोजणारंही कोणी नसतं. शिवाय गर्दीचा दिवस येतोच. मिनियापोलिस, डेट्रॉइट किंवा शार्लटच्या मराठी घरांत तो उन्हाळ्यात हमखास येतो. मुलांच्या शाळांना सुट्टी, भारतातून आलेले आई-वडील किंवा सासू-सासरे, त्याच वेळी दुसऱ्या गावाहून आलेला मित्राचा परिवार. मराठी मंडळाच्या सहलीचा विषय तर वेगळाच. ‘आजोबांना एक चक्कर मारून आणू’ म्हणता म्हणता डेकवर बारा जण होतात आणि कोणाला खाली ठेवायचं हे सांगणं जिवावर येतं. पोंटूनची निवडच मुळात अशा घरांत होते ती ज्येष्ठांसाठी. डेक सपाट आणि धक्क्याच्या पातळीला असतो, गुडघे दुखणाऱ्या माणसाला बूड डगमगणाऱ्या बोटीत उतरावं लागत नाही. मग बोट ज्या दिवसासाठी घेतली त्याच दिवसाच्या वजनावर तिची परीक्षा व्हायला नको का? प्रौढाचं वजन कपडे-सामानासह ८० किलो धरावं, मुलांचं खरं धरावं आणि जास्तीत जास्त किती माणसं येतील ते घरातल्या सर्वांत आतिथ्यशील व्यक्तीला विचारावं.

गर्दीच्या दिवसाचा आणखी एक धोका दोन नळ्यांना आणि तीन नळ्यांना सारखाच आहे. पुढच्या फाटकाबाहेर डेकचा हातभर तुकडा मोकळा असतो. मुलांना तिथे पाय सोडून बसायला फार आवडतं. बोट चालू असताना तिथून पडणारं मूल नळ्यांच्या मधल्या पन्हळीत जातं आणि तिथून थेट मागच्या पंख्याकडे. बोट चालू असताना फाटक बंद आणि सगळे कठड्याच्या आत, हा नियम कंपन्या प्रत्येक बोटीवर चिकटवतात. पुढे गर्दी झाली तर नाकही खाली जातं, आणि समोरच्या मोठ्या लाटेत ते घुसलं तर पाणी डेकवर चढतं. मिनेसोटात चालू बोटीवर दहा वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट घालणं कायद्याने बंधनकारक आहे. मोठ्यांना नाही, आणि तिथेच गोची आहे. तटरक्षक दलाच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत बुडून मेलेल्यांपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास लोकांच्या अंगावर जॅकेट नसतं. बोट कुठलीही घ्या, हे त्या खरेदीत सुटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ऐपत असेल तर तिसरी नळी का नको? विकतानाही भाव चांगला येतो. काही ठिकाणी मी म्हणेन, जरूर घ्या. मिनेसोटात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत आणि ती सगळी एका जातीची नाहीत. मिनियापोलिसजवळचं मिनेटोंका म्हणजे साडेचौदा हजार एकर पाणी, पण खाड्या-उपखाड्यांत तुकडे झालेलं. तिथे वाऱ्याला लांब मोकळं मैदान कमी मिळतं, आणि त्रास होतो तो शनिवार-रविवारी दुसऱ्या बोटींनी उठवलेल्या लाटांचा. उत्तरेचं मिल लॅक्स याच्या उलट: एक लाख तीस हजार एकरांच्या वर, जवळपास सलग गोलसर पसरलेलं, आणि सगळ्यांत खोल जागी चाळीस-बेचाळीस फूट. उथळ पाणी आणि लांबच लांब वारा मिळून तिथे आखूड, उभ्या लाटा उठतात. अशा तळ्यावर, किंवा मुलांना पाण्यावर दोरीने ओढण्याचा कार्यक्रम दर आठवड्याला असेल तर, तिसरी नळी आपली किंमत वसूल करते. नळ्यांच्या बाजूंना जोडलेल्या उचलपट्ट्या आणि मधल्या नळीचा आधार यांमुळे ती वेगात पाण्यावर चढून धावते आणि वळताना आतल्या बाजूला झुकते. दोन नळ्यांची बोट वळताना सपाट राहते किंवा किंचित बाहेर कलते. पण संध्याकाळी ताशी सात-आठ मैलांनी किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणाऱ्या घराला यातलं काहीच वापरायला मिळत नाही. त्या वेगात तिसरी नळी म्हणजे पाण्यात ओढायचं जास्तीचं अंग. पुनर्विक्रीच्या भावाचं म्हणाल तर महाग वस्तू महाग विकली जाते हे खरं, पण दहा-पंधरा वर्षांच्या कर्जावर तिचं व्याज आधी भरावं लागतं.

आणि मग गाडीचा प्रश्न, जो बोटीच्या दुकानात कोणी काढत नाही. ट्रेलर धरून दोन नळ्यांची ही बोट रस्त्यावर सुमारे १,७०० किलोची होते, तीन नळ्यांची सुमारे २,२००. अमेरिकेतल्या मराठी घरांपुढे सर्रास दिसणाऱ्या टोयोटा सिएना आणि होंडा ओडिसी या मिनीव्हॅनची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड, म्हणजे १,५९० किलो. दोन नळ्यांचीच बोट त्यात बसत नाही. टोयोटा हायलँडरच्या पेट्रोल मॉडेलची मर्यादा ५,००० पौंड, म्हणजे २,२७० किलो. दोन नळ्यांची बोट तिला आरामात झेपते, तीन नळ्यांची अगदी काठावर, तेही गाडीत माणसं आणि सामान भरण्याआधी. म्हणजे दहा-पंधरा हजारांचा फरक नव्या ट्रकपर्यंत जाऊ शकतो. ज्यांची बोट उन्हाळाभर भाड्याच्या धक्क्यावर राहते त्यांना रोज ओढायची नसते, तरी हिवाळ्यापूर्वी ती बाहेर काढावीच लागते, कारण तळी गोठतात. ते काम पैसे देऊन करून घेता येतं. मग हा मुद्दा सौम्य होतो, संपत नाही.

डेकखाली आणखी दोन गोष्टी पाहाव्यात आणि त्यासाठी दुकानात ट्रेलरवरच्या बोटीखाली सरळ वाकावं. नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या मोजाव्यात. काही बोटींत त्या सोळा-सोळा इंचांवर असतात, काहींत दोन-दोन फुटांवर, आणि हा फरक पाच-सात उन्हाळ्यांनी डेकच्या करकरण्यात ऐकू येतो. प्लायवूड पट्ट्यांना आरपार बोल्टने आवळलंय की वरून स्क्रू मारलेत, हेही तिथूनच दिसतं. नळी आतून बंद कप्प्यांत विभागलेली असावी, म्हणजे एक भोक पडलं तरी एकच कप्पा भरतो. कप्पे किती, हे विचारावं. जुनी बोट घेत असाल तर नळीवरची शेवाळाची रेघ बघा. ती मध्यावर आणि दोन्ही बाजूंना समान असेल तर बोट नीट तरंगत आली आहे. एका बाजूला वर चढलेली असेल तर त्या कप्प्यात पाणी शिरलेलं असू शकतं. या रेघेला विक्रेत्याचं बोलणं येत नाही. सोफ्यांचं म्हणाल तर शिवण दुहेरी आहे का आणि बैठकीखाली पाणी निथळायला जागा आहे का, एवढं पाहिलं की पुरे. रंग मुलांना निवडू द्यावा.

बहुतेक सौदे होतात ते जानेवारीत, मिनियापोलिसच्या बोट प्रदर्शनासारख्या ठिकाणी, जिथे बोटी गालिच्यावर उभ्या असतात आणि बाहेर तळ्यांवर हातभर बर्फ असतो. तिथे सवलत चांगली मिळते आणि नळ्यांचा व्यास टेपने मोजायलाही कोणी अडवत नाही. पण सही करताना एक अट लिहून घ्यावी: एप्रिलमध्ये बर्फ उतरल्यावर आपल्या किंवा तशाच तळ्यावर, घरची सगळी माणसं घेऊन चाचणी, आणि ती मनासारखी झाली नाही तर इसार परत. चाचणीला आठ जण आणावेत, त्यांना एका कठड्याशी उभं करावं आणि एकाने धक्क्यावर थांबून त्या बाजूची नळी किती वर उरते ते पाहावं. विक्रेता आधी हसेल. काही विक्रेते नाही म्हणतील, आणि मग तीच बोट दुसऱ्या दुकानात बघायला हरकत नाही.